कॅज्युअल्टीच्या बाकावर ट्रायलचा कागद हातात आला तर

दादाच्या अंगावरून वारं गेलं, डॉक्टरांच्या भाषेत स्ट्रोक आला, ती 2016 च्या जूनमधली रात्र. जेवून हात धुवायला उठला आणि मोरीच्या भिंतीला टेकून खालीच बसला. उजवा हात लुळा, तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलायला गेला की नुसतं ‘ब… ब…’. शेजाऱ्यांच्या गाडीत घालून आम्ही त्याला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. सीटी स्कॅन झाला. वहिनी बाकावर सुन्न बसून होती, म्हणून कागद माझ्याकडे आले. पॅड घेऊन आलेला तरुण मुलगा म्हणाला, “ताई, इथे, इथे आणि शेवटच्या पानावर सही करा. लवकर करा, वेळ जातोय.” मी केली. चौदा पानं होती. एकही वाचलं नाही.

तिसऱ्या दिवशी सिस्टर दुसऱ्या सिस्टरला म्हणाली, “हे स्टडीतले पेशंट,” तेव्हा मला कळलं की मी दादाला एका ट्रायलमध्ये, म्हणजे पेशंटवर उपचार करून पाहणाऱ्या संशोधनात, घातलंय. कागदाची प्रत मागितली, ती शेवटपर्यंत मिळाली नाही. दादाची वाचा चार महिन्यांनी बरीचशी परत आली आणि एका दुपारी त्याने विचारलं, “मला का नाही विचारलंस? मला सगळं ऐकू येत होतं.”

पुढच्या वर्षी ओळखीच्या एका वकीलबाईंनी विचारलं, की दुसऱ्या एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीला, म्हणजे अशा संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीला, बिगर-डॉक्टर सभासद हवाय, येता का? दादाचा तो प्रश्न मनात होता, म्हणून हो म्हटलं. मी सांगलीला शाळेत मराठी शिकवत होते, आता निवृत्त आहे. तेव्हापासून दर महिन्याला फायलींचा गठ्ठा घरी येतो. डॉक्टरांनी आखलेल्या संशोधनाची माहितीपत्रकं वाचायची आणि साध्या माणसाला ती कळतील का, ते सांगायचं, हे माझं काम. पुढे लिहिते ते बाकावर बसलेल्या बहिणीसाठी, मुलासाठी, सुनेसाठी. त्या रात्री मला कुणी हे सांगायला हवं होतं.

आधी घड्याळ

कुठल्याही कागदाच्या आधी एक वेळ आठवा: पेशंटला शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं? त्रास कधी लक्षात आला, ही वेळ वेगळी. झोपेतून उठल्यावर हात उचलत नव्हता, तर रात्री झोपायला गेला ती वेळ सांगायची. सगळे उपचार या वेळेवरून ठरतात. घरून निघताना तोंडात अ‍ॅस्पिरिन वगैरे काही घालू नका. मेंदूत गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झालाय, हे स्कॅनशिवाय बाहेरून कुणालाच ओळखता येत नाही आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत.

आता नेहमीचे उपचार कुठले आणि संशोधन कुठलं, हे नीट वेगळं करून ठेवा, कारण माझी गफलत इथेच झाली. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देणं हा आता जगभर मान्य झालेला उपचार आहे. मोठी रक्तवाहिनी बंद झाली असेल, तर जांघेतून तार घालून गुठळी काढतात. तेही सहा तासांच्या आत, आणि खास स्कॅन करून निवडलेल्या पेशंटमध्ये 24 तासांपर्यंत, मान्य उपचार आहे. या दोन्हींसाठी दवाखाना संमतीची सही घेतो, पण ती उपचाराची सही. ट्रायलची सही वेगळी, तिचं माहितीपत्रक वेगळं. दोन्ही कागद एकाच पॅडला लावलेले असले, की घाबरलेल्या माणसाला फरक कळत नाही.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा, आणि उभ्या-उभ्याच विचारा: “ट्रायलमध्ये नाही घेतलं तर यांना आत्ता काय उपचार मिळणार? ते सुरू झालेत का?”

उत्तर “हो, सुरू आहे” असं आलं, तर तुम्हाला कागद वाचायला वेळ आहे. “आधी हा फॉर्म भरा, मग बघू” असं आलं, तर पॅड परत द्या आणि न्यूरॉलॉजिस्टला किंवा ड्यूटीवरच्या मोठ्या डॉक्टरला बोलवा. गुठळीने रक्त अडलं, की मेंदूच्या सरासरी 19 लाख पेशी दर मिनिटाला मरतात, असा हिशोब 2006 मध्ये मांडला गेला. मान्य उपचार फॉर्मसाठी थांबवायला कुठलीही कमिटी परवानगी देत नाही. आम्ही तर मुळीच देत नाही. मात्र काही ट्रायलमध्ये मूळ इंजेक्शनच दोन प्रकारचं असतं आणि कुठलं द्यायचं ते ठरवण्यासाठी आधी संमती लागते. तसं असेल तर डॉक्टरांनी स्पष्ट सांगायला हवं, की तुम्ही ‘नाही’ म्हटल्याच्या त्याच मिनिटाला नेहमीचं इंजेक्शन मिळेल.

डॉक्टर ‘माहीत नाही’ म्हणतात तेव्हा

नातेवाईकांना सगळ्यात जास्त धक्का या वाक्याचा बसतो: “दोन्हींपैकी कुठलं चांगलं हे आम्हाला माहीत नाही, म्हणून अभ्यास करतोय.” आपण एवढ्या रात्री एवढ्या लांब आलो ते यांना माहीत असेल म्हणून! कमिटीत बसायच्या आधी मलाही असंच वाटायचं. आता मी याच वाक्याची वाट पाहते.

गुठळीच्या ज्या इंजेक्शनवर आज सगळे विसंबतात, त्याचंच बघा. अमेरिकेत 624 पेशंटवर त्याची ट्रायल झाली, निकाल डिसेंबर 1995 मध्ये आला. तिच्या मुख्य भागात, तीन तासांच्या आत इंजेक्शन मिळालेल्या 100 पैकी साधारण 39 जण तीन महिन्यांनी जवळजवळ पहिल्यासारखे झाले. ज्यांना नुसतंच दिसायला तसं, औषध नसलेलं पाणी मिळालं, त्यांच्यात 26. फायदा खरा होता. पण इंजेक्शन मिळालेल्या 100 पैकी सहाजणांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला, दुसऱ्या गटात हे प्रमाण एकाहूनही कमी होतं. त्याच सुमारास युरोपात आणि ऑस्ट्रेलियात स्ट्रेप्टोकायनेज या औषधाच्या ट्रायल चालू होत्या. हार्ट अटॅकमध्ये त्याने असंख्य जीव वाचवले होते, आणि तेही गुठळीच विरघळवतं. मेंदूच्या बाबतीत मात्र त्याने रक्तस्राव आणि मृत्यू वाढले, ट्रायल मध्येच थांबवाव्या लागल्या. काम सारखं, तर्क सारखा, आणि एक औषध तारतं, दुसरं मारतं. ट्रायल न करता ‘हृदयाला चालतं ते मेंदूलाही चालेल’ असं म्हणून देत राहिले असते, तर किती माणसं गेली असती, याचा विचार केला की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

मेंदूच्या पेशींना वाचवण्यासाठी एनएक्सवाय-059 नावाचं औषध आलं होतं. सुमारे 1,700 पेशंटवरच्या पहिल्या ट्रायलमध्ये, 2006 साली, फायदा दिसला. पुढच्याच वर्षी 3,300 पेशंटवर परत करून पाहिलं, फायदा नाहीसा झाला. उलटा प्रवास तारेने गुठळी काढण्याचा. 2013 मध्ये तीन ट्रायलचे निकाल ‘काही उपयोग नाही’ असे आले. मग चांगली उपकरणं आणि नेमके पेशंट निवडून नेदरलँड्समध्ये 500 जणांवर परत ट्रायल झाली. आपापली कामं आपण करू शकणारे नुसत्या नेहमीच्या उपचारावर 100 पैकी 19 होते, तारेने गुठळी काढलेल्यांत 33, आणि 2015 मध्ये आणखी चार ट्रायलनी त्याला दुजोरा दिला. त्याच नेदरलँड्समध्ये पुढे कुणाला वाटलं, की तार घालताना अ‍ॅस्पिरिन किंवा हेपॅरिन, ही रक्त गोठू न देणारी औषधं, दिली तर आणखी बरं होईल. रक्तस्राव वाढताना दिसला आणि ती ट्रायल आधीच बंद केली. निकाल 2022 मध्ये छापून आला.

तेव्हा डॉक्टर “माहीत नाही” म्हणाले तर तो त्यांचा प्रामाणिकपणा समजा. त्याच्यापुढे हा प्रश्न विचारा: “दोन्ही बाजूंपैकी कुठल्याही बाजूची चिठ्ठी निघाली, तरी तुम्हाला चालेल का?” डॉक्टर “चालेल” म्हणाले, तर शंका खरी आहे. ते चाचरले, किंवा “अहो, नवीन औषध एकदम भारी आहे, तुमचं नशीब म्हणून मिळतंय” असं कुणी म्हणालं, तर सावध व्हा. नवीन औषध भारी असल्याची खात्री असती, तर अर्ध्या लोकांना ते न देण्याचा अधिकार कुणालाच नसता. आणि खात्री नसताना असं सांगणं ही फसवणूक आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

चिठ्ठी म्हणजे काय, हेही विचारून घ्या. कमिटीत आलेल्या एका मराठी पत्रकात वाक्य होतं: ‘यादृच्छिकीकरण पद्धतीने आपणांस दोनपैकी एका गटात नियुक्त करण्यात येईल.’ मी तेवढं वाक्य आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे कामावर घेणार का?” पुढच्या मीटिंगमध्ये मी हेच सांगितलं आणि वाक्य बदलून घेतलं: ‘तुमच्या पेशंटला कोणता उपचार मिळेल हे डॉक्टर ठरवणार नाहीत, तुम्हीही नाही. चिठ्ठी टाकल्यासारखं कंप्युटर ठरवेल.’ डॉक्टर मंडळींपैकी एकाने ‘चिठ्ठी’ हा शब्द फार हलका वाटतो म्हणून हरकत घेतली. मी म्हटलं, ज्याला सही करायची आहे त्याला तो उचलता आला पाहिजे. शब्द राहिला.

चौदा पानं कुठून वाचायची

पहिल्या पानापासून वाचायला बसू नका. पहिली तीन पानं स्ट्रोक म्हणजे काय, हे सांगण्यात जातात, आणि ते तर तुमच्या डोळ्यांसमोर झोपलेलं असतं. ‘धोके’ किंवा ‘संभाव्य दुष्परिणाम’ हा मथळा शोधा आणि तिथून सुरू करा. स्ट्रोकच्या औषधात बघायचा मुख्य धोका मेंदूत रक्तस्राव होण्याचा. तो आकड्यात दिलाय का, नेहमीच्या उपचारापेक्षा किती जास्त, हे विचारा. ‘काही रुग्णांमध्ये’ हे उत्तर नव्हे. ‘100 पैकी किती’ हे उत्तर.

मग ‘पर्यायी उपचार’ वाचा. तुमचा पहिला प्रश्न इथे लिखित उत्तर घेऊन उभा असायला हवा.

त्यानंतर शेवटच्या पानावर या. भारतातल्या नव्या औषधाच्या ट्रायलच्या संमतीपत्रात पेशंटचं शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव यांचे रकाने असतात. ‘वारस’ वाचून लोकांच्या पोटात गोळा येतो. एका बाईंनी आमच्या रुग्णालयात तिथेच पेन खाली ठेवलं होतं आणि ‘म्हणजे हे जाणार असं तुम्हाला वाटतंय’ म्हणून रडायला लागल्या होत्या. तो रकाना नियमाने सगळ्यांसाठीच असतो. ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाई कुणाला द्यायची, ते आधीच लिहिलेलं असावं म्हणून. तो भरा आणि नीट भरा. रिकामा ठेवून नुकसान तुमचंच.

त्याच पानावर किंवा त्याच्या आधीच्या पानावर दोन फोन नंबर असायला हवेत: एक ट्रायलच्या मुख्य डॉक्टरांचा, एक एथिक्स कमिटीचा. दुसरा नंबर मोबाइलमध्ये साठवा. आमच्याकडे आलेल्या तक्रारी बहुतेक तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आल्या, कारण नंबर आहे हेच लोकांना उशिरा कळतं. पत्रकावर ‘सीटीआरआय’ने (CTRI, भारताची ट्रायलची नोंदवही) सुरू होणारा नोंदणी क्रमांकही शोधा. भारतात ट्रायलची नोंदणी 2007 मध्ये सुरू झाली आणि 2009 पासून औषधांच्या ट्रायलना ती सक्तीची आहे. नोंदवही सगळ्यांना इंटरनेटवर फुकट बघता येते. पत्रकावर क्रमांक छापलेला नसला, तर कोऑर्डिनेटरकडून, म्हणजे ट्रायलचे कागद सांभाळणाऱ्या माणसाकडून, लिहून घ्या. बाहेर उभा असलेला भाचा-पुतण्या दोन मिनिटांत फोनवर तपासून सांगेल. कोणत्या शहरांत चालू आहे, किती पेशंट घेणार, पैसा कुणाचा, सगळं तिथे असतं.

सगळ्याच ट्रायल औषधाच्या नसतात, हे डोक्यात असू द्या. आपल्या देशात 14 रुग्णालयांत 1,250 पेशंटवर एक मोठी ट्रायल झाली, 2017 मध्ये निकाल आला. घरच्या माणसांना व्यायाम शिकवून पेशंटची घरीच सुधारणा होते का, हे पाहिलं होतं. सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच निघाले. माझ्यासारख्या, भावाचा हात रोज तासभर हलवणाऱ्या माणसाला हा निकाल पचवणं जड गेलं. पण कुटुंबावर सगळा भार टाकून फिजिओथेरपिस्टची गरज नाही म्हणायची सोय त्याने बंद केली, हे मी त्यातून घेते. असल्या अभ्यासात धोका फार कमी असतो, तिथे मी कमी चौकशी करून सही करीन.

पैशाचं

ट्रायलच्या औषधाचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नाहीत. ट्रायलसाठी म्हणून जादा स्कॅन, जादा रक्ततपासण्या होतील, त्यांचेही नाहीत. फेऱ्यांचा प्रवासखर्च किती मिळणार, ते पत्रकात लिहिलेलं असतं. नेहमीच्या उपचाराचं बिल मात्र येईल, त्यामुळे कुठलं बिल कशाचं, हे पहिल्याच दिवशी कोऑर्डिनेटरकडून कागदावर लिहून घ्या.

इथे एक गोष्ट जरा रागानेच सांगते. स्ट्रोकनंतर हात-पाय परत येत नाहीत असं दिसलं, की कुणीतरी स्टेमसेलचं नाव काढतं, आणि लाखो रुपये घेऊन ‘संशोधन चालू आहे’ असंही सांगतं. आपल्याच देशातल्या पाच केंद्रांत 120 पेशंटवर स्वतःच्या अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून देऊन पाहिल्या. 2014 मध्ये निकाल छापून आला: धोका वाढला नाही, पण फायदाही दिसला नाही. 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे स्ट्रोकसाठी स्टेमसेल फक्त मंजूर ट्रायलमध्ये देता येतात, आणि ट्रायल असेल तर पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. जो तुमच्याकडे पैसेही मागतो आणि संशोधनही म्हणतो, त्याच्यासमोरून उठा. माझ्या माहितीतल्या एका घराने यासाठी शेत विकलं.

2019 च्या नव्या औषध आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनी आणखी दोन हक्क दिलेत. पेशंटला ट्रायलमध्ये असताना काही इजा झाली, तर ती ट्रायलमुळे नाही असं सिद्ध होईपर्यंत, किंवा डॉक्टरांच्या मते गरज असेपर्यंत, तिचा उपचार फुकट. ट्रायलमुळे मृत्यू ओढवला तर भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे. आधाररक्कम 8 लाख, तिला वयाचा गुणक आणि आधीच्या आजाराच्या गांभीर्याप्रमाणे 0.5 ते 4 हा गुणक. पासष्टीच्या पुढच्या माणसासाठी वयाचा गुणक एक धरल्यासारखाच होतो, म्हणजे रक्कम 4 ते 32 लाखांमध्ये येते. वय कमी तशी ती वाढते. पेशंट इतका अत्यवस्थ असेल, की 30 दिवसांत जाण्याची शक्यता 90 टक्के किंवा जास्त आहे, तर 2 लाख. आणि उपलब्ध असलेला नेहमीचा उपचार अडवून नुसतं औषधासारखं दिसणारं पाणी दिलं आणि त्यातून इजा झाली, तर तीही ट्रायलचीच इजा धरतात. हे आकडे बाकावर बसून आठवायची गरज नाही. ‘भरपाई’ हा मथळा पत्रकात आहे ना, एवढं बघा.

सही कुणाची

आधी पेशंटची. हे मी पुन्हा लिहिते, कारण माझं इथेच चुकलं: आधी पेशंटची. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असं नाही. डाव्या मेंदूला मार बसला की वाचा जाते, पण कित्येकदा ऐकलेलं समजत असतं. डॉक्टरांना सांगा, “त्यांना विचारून बघू.” लहान वाक्यं, एका वेळी एक गोष्ट. आधी उत्तर माहीत असलेले दोन प्रश्न: तुमचं नाव अमुक का? आपण आत्ता घरी आहोत का? चांगल्या हाताने होसाठी बोट एकदा दाबा, नाहीसाठी दोनदा. उत्तरं बरोबर आली, तर पुढचं विचारा: नवीन औषधाचा अभ्यास चालू आहे. चिठ्ठी निघेल. रक्तस्रावाचा धोका आहे. घेऊ? त्यांचं बोट तुमच्या सहीपेक्षा मोठं. दोन मिनिटं लागतात.

खरोखर शुद्ध नसेल किंवा समजत नसेल, तर कायद्याने मान्य प्रतिनिधी म्हणून जवळच्या माणसाची सही चालते. त्या वेळी तुमच्या मनात स्वतःचं मत आणू नका, त्यांचं आणा. रक्तदानाला पहिले जाणारे होते का? डॉक्टरांवर विश्वास होता, की साध्या तापालाही दवाखाना टाळायचे? वहिनीला मी त्या रात्री एवढं जरी विचारलं असतं, तरी ती म्हणाली असती, “ते हो म्हणतील, पण सांगितलेलं त्यांना आवडतं.” सही करणाऱ्याला वाचता येत नसेल, तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. तो कोऑर्डिनेटर किंवा त्या युनिटचा डॉक्टर असून चालत नाही. तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने घाला. आधीच भरलेली वेळ खोडायला लावा. काही ट्रायलमध्ये संमतीचं चित्रीकरण करतात. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने तसं सांगितलं होतं. आता पूर्णपणे नवीन औषध असेल आणि पेशंट असा दुबळ्या स्थितीत असेल, तर ते लागतं. कॅमेऱ्याला घाबरू नका, तो तुमच्याच बाजूचा आहे. प्रश्न कॅमेऱ्यासमोर परत विचारा.

सही केलेल्या कागदाची प्रत घेतल्याशिवाय पेन परत देऊ नका.

आणि ‘नाही’ म्हणायचं असेल तर कारण द्यायला लागत नाही. “आम्हाला नको, नेहमीचे उपचार चालू ठेवा.” बस्स. सिस्टरची वागणूक बदलली, बेड बदलला, असं जाणवलं, तर तो मघाशी साठवलेला नंबर आहे. खोलीत दोन भाऊ आणि तीन मतं असली तरीही ‘नाही’च बरं. घरात फूट पाडून केलेली सही पुढे तीन महिने निभत नाही.

दुसऱ्या देशांत वेगळं करतात, आणि त्यावर आमच्या कमिटीत दोनदा कडाक्याचा वाद झालाय. कॅनडात सुमारे 1,600 पेशंटवर दोन इंजेक्शनांची तुलना झाली, 2022 मध्ये निकाल आला. तिथे आधी उपचार दिला आणि संमती नंतर घेतली. दोन्ही इंजेक्शनं आधीपासून वापरातली होती म्हणून कमिट्यांनी ते मान्य केलं. लॉस एंजेलिसच्या भागात 1,700 पेशंटना रुग्णवाहिकेतच मॅग्नेशियम देऊन पाहिलं. डॉक्टर फोनवर बोलून संमती घ्यायचे, आणि बहुतेकांना पहिल्या तासातच औषध मिळालं. मॅग्नेशियमचा उपयोग झाला नाही, पण फोनवर संमती घेऊन एवढं वेगाने काम होतं, हे सिद्ध झालं. माझं मत फोनच्या बाजूने आहे. मुलगा पुण्याला आणि वडील मिरजेत, ही आपल्याकडची रोजची गोष्ट आहे. साक्षीदार ठेवून, रेकॉर्ड करून त्याला फोनवर विचारावं. आधी देऊन मग विचारण्याला मात्र मी आपल्याकडे अजून हात वर करत नाही. प्रत मागूनही न मिळालेली मी बाई आहे. आधी विचारण्याची सवय लागू दे.

दुसऱ्या दिवसापासून

शुद्ध आली, समजायला लागलं, की पेशंटला सांगायचं आणि त्यांची स्वतःची संमती घ्यायची, हे डॉक्टरांचं काम. ते विसरले तर तुम्ही आठवण करा. ते ‘नको’ म्हणाले तर त्या क्षणी थांबायचं, तुमची सही असली तरी.

औषध बंद केलं तरी तीन महिन्यांच्या तपासणीला जमलं तर जा. स्ट्रोकच्या जवळजवळ सगळ्या ट्रायलचा निकाल 90 व्या दिवसाच्या एका आकड्यावर ठरतो. शून्य म्हणजे काहीच त्रास उरला नाही, सहा म्हणजे मृत्यू. मध्ये सगळं आयुष्य बसवलेलं आहे: चालता येतं का, आंघोळ स्वतः करता का, बाजारातून भाजी आणता का, हिशोब बघता का. फोनवर विचारतील तेव्हा ‘ठीक आहे’ म्हणून ठेवू नका. दादाच्या वेळी मी तसंच म्हटलं होतं, आणि तो तेव्हा शर्टाची बटणं लावू शकत नव्हता. कुठेतरी तक्त्यात तो असायला हवा होता त्यापेक्षा बरा म्हणून नोंदला गेला असणार. प्रश्न विचारणाऱ्याला बटणांचं सांगा.

मधल्या काळात पेशंटला काहीही झालं, पडले, फिट आली, दुसऱ्या दवाखान्यात भरती केलं, तर ट्रायलच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. गंभीर घटना कळल्यावर त्यांना 24 तासांत वर कळवावी लागते. तुम्ही सांगितलंच नाही, तर त्यांना कळणार कसं?

एक काम आजच, घरात सगळे धडधाकट असताना करता येतं. दिवाळीत दादाकडे गेले होते तेव्हा त्याने पाकिटातून चिठ्ठी काढून दाखवली. डाव्या हाताने लिहिलेली, अक्षर तिरकं: ‘परत वारं गेलं तर नेहमीचा उपचार आधी द्या. अभ्यासाला माझी ना नाही. पण मला ऐकू येत असेल तर मला विचारा. बोलता आलं नाही तर बोट दाबीन.’ खाली तारीख, सही, आणि माझा मोबाइल नंबर.